वडिलार्जित घर आणि प्रोबेटचा इतिहास

पेणकर, रोहेकर, नवगावकर, चेऊलकर. गावे आपण आडनावांतून बरोबर आणली. घरे मात्र कोकणातच राहिली. १९४८ नंतर आपल्या समाजातील बहुसंख्य कुटुंबांनी इस्राएलची वाट धरली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी वृद्ध आईवडील मागे राहिले किंवा घर भावाच्या हवाली करून मंडळी निघाली. पुढे मालक वारला, घर विकण्याची वेळ आली, की लोद, दीमोना, अश्दोद येथील वारसांना वकिलाचे उत्तर ठरलेले असे : आधी प्रोबेट आणा. शेजारच्या हिंदू वा मुसलमान कुटुंबाचे घर तलाठ्याकडील वारसनोंदीवर विकले जाते, मग बेने इस्राएलांच्याच घरावर ही अडवणूक का? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास १८६५ सालापर्यंत मागे जावे लागते.

त्यापूर्वी आपल्या पूर्वजांचा वारसा बहुतांशी गावच्या रूढीने चाले. पुढे ओसरी, मध्ये माजघर, परड्यात तेलाचा घाणा, दाराच्या चौकटीवर मेझुझा. अशा घरात भाऊ भाऊ एकत्र नांदत आणि वाटणी झालीच तर ती पुत्रांमध्ये होई. मुलीचा हक्क लग्नात दिलेल्या दागिन्यांपाशी संपे. तोरात ज्येष्ठ पुत्राला दुहेरी वाटा सांगितला आहे, आणि पुत्र नसेल तर मुलीने वारस व्हावे हा सलाफहादच्या मुलींचा निवाडाही त्यात आहे. परंतु शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली घरजमिनीच्या बाबतीत शेजाऱ्यांच्या चालीनेच चालत.

१८६५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा १ जानेवारी १८६६ पासून अमलात आला. हिंदू, मुसलमान व बौद्ध यांना त्यातून वगळले होते. पारशी समाजाने खटपट करून त्याच वर्षी आपल्यापुरता स्वतंत्र कायदा मिळवला. आपला समाज तेव्हा जेमतेम काही हजारांचा. त्याच्यासाठी वेगळी तरतूद झाली नाही, आणि रेवदंड्याचा तेली व मुंबईचा युरोपीय व्यापारी एकाच कायद्याखाली आले. मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर विधवेला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींना सारखे, असा त्याचा नियम. हिंदू मुलीला वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत भावाबरोबरीचा वाटा १९५६ साली मिळाला. बेने इस्राएल मुलीला तो कागदावर नव्वद वर्षे आधी मिळालेला होता. हा हक्क कोणी मागितला नव्हता, आणि गावोगावी तो कितपत दिला गेला हे ज्याने त्याने आपल्या आजीच्या आठवणीवरून ठरवावे.

या देणगीबरोबर एक ओझेही आले. मृत्युपत्र असेल तर न्यायालयाचे प्रोबेट, आणि नसेल तर लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे मिळकतीचा कारभार पाहण्याचे अधिकारपत्र, मिळाल्याखेरीज न्यायालयात हक्क शाबीत करता येणार नाही, असे बंधन त्यात होते. १९२५ च्या कायद्यात ही बंधने कलम २१३ व कलम २१२ म्हणून उतरली. इतर समाज एकेक करून त्यांतून सुटत गेले. मृत्युपत्राविना मेलेल्या भारतीय ख्रिस्ती व्यक्तीच्या मिळकतीला १९०१ मध्येच सूट मिळाली. कलम २१२ मधील सुटीच्या यादीत हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख, जैन, भारतीय ख्रिस्ती आणि पारशी आहेत, यहुदी नाहीत. संख्येने लहान असण्याची किंमत समाजाला कुठे कुठे मोजावी लागते त्याचा हा एक नमुना. डिसेंबर २०२५ मध्ये भारतीय संसदेने कलम २१३ वगळले, त्यामुळे मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती राहिली नाही. कलम २१२ मात्र त्या दुरुस्तीत आले नाही.

आता विक्रीचा प्रश्न. प्रोबेटचा अर्ज न्यायालयात पडून असताना घर विकता येते काय? आपल्याकडे सरसकट ‘नाही’ असे सांगितले जाते. कायदा इतका सरळ बोलत नाही. मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरकडे मिळकत मालकाच्या मृत्यूच्या क्षणापासूनच येते. प्रोबेट हा त्या अधिकाराचा दाखला होय, आणि तो मिळाल्यावर एक्झिक्युटरने मधल्या काळात केलेली कामेही कलम २२७ प्रमाणे ग्राह्य ठरतात. तेव्हा मृत्युपत्रात मनाई नसेल तर त्याने केलेला सौदा मुळातच रद्द नसतो. अडचण गिऱ्हाइकाची असते. मृत्युपत्राला एखाद्या भावाने हरकत घेतली की अर्जाचा दावा बनतो, तो वर्षानुवर्षे चालतो. अशा घरासाठी पुरी किंमत कोण मोजील? म्हणून साठेखत करून थोडे विसार घ्यायचे आणि खरेदीखत प्रोबेटनंतर नोंदवायचे, असा व्यवहार पडला. माझ्या मते तो शहाणपणाचा आहे, परंतु साठेखतात मुदत आणि प्रोबेट न मिळाल्यास विसार परत देण्याची अट लिहिलेली असावी.

मृत्युपत्र नसेल तर गोष्ट कठीण. न्यायालयाने नेमलेल्या अॅडमिनिस्ट्रेटरला नेमणूक होण्यापूर्वी विक्रीचा अधिकार नाहीच. नेमणुकीनंतर मात्र कलम ३०७ अन्वये त्याला स्थावर मिळकत विकता येते; न्यायालयाच्या पूर्वपरवानगीची त्यातील अट यहुदी मृताच्या मिळकतीला लागू नाही.  भावांनी परस्पर खरेदीखत करून दिले आणि इस्राएलातील बहिणीची सही घेतलीच नाही, अशा घरांवर पुढे दावे उभे राहतात ते अधिकाराविना केलेल्या विक्रीच्या पायावर.

परदेशस्थ वारसासाठी त्याच कायद्यात सोयही आहे. कलम २४१ व २४३ प्रमाणे गैरहजर एक्झिक्युटरचा किंवा वारसाचा मुखत्यार भारतात अर्ज करू शकतो. घर अलिबाग वा रेवदंडा येथे असेल तर अर्ज अलिबागच्या जिल्हा न्यायालयात चालतो. खरी रखडपट्टी होई ती कुलमुखत्यारपत्राची. समजा, घर रेवदंड्याचे, विकणारी बहीण लोदला, आणि घेऊ पाहणारा जुना शेजारी मस्कतच्या अल् घुब्रा वस्तीत नोकरीला. आखाताच्या कमाईवर कोकणात घरे घेणारे असे शेजारी थोडे नाहीत. मस्कतला भारताची वकिलात १९५५ पासून आणि दूतावास १९७१ पासून आहे, तेव्हा खरेदीदाराने तेथे जाऊन सही साक्षांकित करून घ्यावी इतके ते सोपे. लोदच्या बहिणीला मात्र १९९२ मध्ये तेल अवीवला भारतीय दूतावास उघडेपर्यंत हे दार बंद होते. नोटरीपुढे केलेला कागद पाठवायचा आणि तो पलीकडे मानला जाईल की नाही याची वाट पाहायची, हेच तिच्या हाती होते. पुढे अपोस्टिल या आंतरराष्ट्रीय शिक्क्याने हा फरक मिटला : इस्राएल त्या करारात १९७८ पासून, भारत २००५ पासून, ओमान २०१२ पासून.

आणखी एक गैरसमज हिश्शांविषयीचा. इस्राएलच्या १९६५ च्या वारसा कायद्याप्रमाणे विधवेला निम्मे व मुलांना निम्मे मिळते, आणि येथील वारसा-आदेश, ज्याला आपण त्सव येरुशा म्हणतो, त्याच हिशेबाने निघतो. तो हाती घेऊन लोक कोकणातले घर वाटू पाहतात. परंतु भारतातील स्थावर मिळकतीचा वारसा, मालक कोठेही स्थायिक असो, भारताच्याच कायद्याने ठरतो. आई, दोन मुलगे आणि एक मुलगी असे वारस धरा. गावच्या रूढीने घर दोन भावांचे, निम्मे निम्मे. इस्राएलच्या हिशेबाने आईला अर्धे आणि प्रत्येक मुलाला एक षष्ठांश. रेवदंड्याच्या घराला लागू होणारा हिशेब तिसराच : आईला एक तृतीयांश आणि तिन्ही मुलांना प्रत्येकी दोन नवमांश.

विक्रीचा पैसा इकडे आणण्याची वेगळीच कथा आहे. १९७४ पासून अमलात असलेल्या फेरा कायद्याखाली परदेशी नागरिकाला भारतातील घर विकण्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागे. जून २००० पासून त्याच्या जागी फेमा आला आणि गाठ सैल झाली. वारशाने आलेल्या मिळकतीचे पैसे कर भरून, एका आर्थिक वर्षात दहा लाख अमेरिकी डॉलरपर्यंत, बाहेर नेता येतात. घराला लागून शेतजमीन असल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते.

कागद शोधताना एक ध्यानात असू द्यावे. जुनी खरेदीखते, वाटणीपत्रे आणि उतारे यांवर ‘कुलाबा जिल्हा’ असेच लिहिलेले सापडेल. रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ पासूनचे आहे. अर्जात दोन्ही नावे लिहावीत.