कर्नल नवा, पत्ता जुना

‘काल कर्नल अपडेट केला आणि आज मशीन सुरूच होत नाहीये!’ पीएचडीच्या काळात हे वाक्य तुम्ही एकदा तरी म्हणाल. या दुखण्याचा इतिहास माहीत असेल, तर घाबरायला कमी होतं.

पीसी चालू केला की जुना बायोस डिस्कचा पहिला सेक्टर वाचायचा. तो 512 बाइटचा, त्यातही कोडसाठी जेमतेम 446. एवढ्याशा जागेत फाइल सिस्टिम समजणारा प्रोग्राम कसा बसवणार? वर्नर आल्म्सबर्गर यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या ‘लिलो’ने सोपी युक्ती केली. फाइल शोधायचीच नाही. कर्नल डिस्कच्या कोणत्या ब्लॉक्समध्ये आहे, त्याची यादी आधीच करून ठेवायची.

गोची इथेच होती. त्याच नावाने नवा कर्नल ठेवला, तरी तो डिस्कवर दुसरीकडे जाऊन बसतो. लिलोची कमांड पुन्हा चालवायला विसरलात, तर यादी जुनीच राहणार. गंमत म्हणजे जुन्या ब्लॉक्सवर काही लिहिलं गेलं नसेल, तर मशीन मुकाट जुन्याच कर्नलवर सुरू व्हायचं. त्या जागी दुसरी फाइल आली, की मग बंद. म्हणजे चूक आज आणि बोंब आठवड्याने!

एरिक बोलिन यांनी 1995मध्ये ग्नू हर्डसाठी लिहायला घेतलेल्या ‘ग्रब’ने हा प्रश्न मुळातून सोडवला. ग्रब टप्प्याटप्प्याने लोड होतो आणि त्याला फाइल सिस्टिम वाचता येते. त्यामुळे पत्ता नाही, नाव पुरतं.

मग आजही मशीन का अडतं? कारण अडचण पुढच्या पायरीवर सरकली. कर्नलसोबत इनिटरॅमएफएस नावाची फाइल तयार व्हावी लागते. त्यातल्या ड्रायव्हर्सच्या मदतीने मुख्य डिस्क सापडते. बूट पार्टिशन भरलेलं असेल, तर ही फाइल अर्धवट राहते. मेनूत नवा कर्नल दिसतो, पण सुरू करताना ‘कर्नल पॅनिक’.

म्हणून रीबूटच्या आधी बूट पार्टिशनमधली जागा बघा, अपडेटचे एरर वाचा आणि एक चालता जुना कर्नल ठेवाच. अडलात, तर ग्रबच्या मेनूतून तोच निवडा. बहुतेक वेळा तुमचा डेटा जागच्या जागी असतो. घाईत फॉरमॅट मारू नका.

लिलोचा धडा प्रयोगांनाही लागू आहे: बिघाड दिसतो तेव्हाच झालेला असतो, असं नाही. काय, कधी बदललं, ते वहीत लिहून ठेवा.