बाबांचा सूट आणि कसर

पोस्टडॉकसाठी लीड्सला निघालो तेव्हा बाबांनी त्यांचा लग्नातला सूट मला दिला. १९८३चा, पुण्यात मापं देऊन शिवलेला, अस्सल लोकरीचा. आमच्या घरी तो डांबराच्या गोळ्यांसह ट्रंकेत असे; लग्नं, मुंजी आणि एकदा बँकेतल्या बढतीची मुलाखत, एवढ्यासाठीच बाहेर येई. मी मात्र तो दोन हिवाळे वापरला आणि इंटरनेटवर जिथे तिथे दिसणारा सल्ला इमानेइतबारे पाळला: ड्रायक्लीनिंगने लोकरीतलं नैसर्गिक तेल जातं, कापड मरतं, ब्रश फिरवा, वाफ द्या, पण क्लीनरकडे टाकू नका. यंदा ऑक्टोबरात कपाट उघडलं तर कॉलरखाली आणि उजव्या बाहीवर, बरोबर जिथे आमटी सांडली होती तिथे, कसरीने भोकं पाडलेली.

आईला फोन केला. तिने एवढंच विचारलं, "अरे, मळका ठेवलास का?"

रसायनशास्त्राच्या इतिहासावर पोट भरतो, तेव्हा निदान हा सल्ला आला कुठून ते पाहावं म्हटलं.

आधी तेलाचं. मेंढीच्या अंगावरच्या लोकरीत लॅनोलिन हे मेण भरपूर असतं. मेरिनोच्या कच्च्या लोकरीत वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्तही. पण सूत कातण्याआधीच लोकर गरम पाण्यात साबण घालून धुतात. आमच्या शेजारच्या ब्रॅडफर्डमध्ये हा उद्योग इतका मोठा होता, की शहराच्या सांडपाण्यातून लोकरीचं ग्रीस वेगळं काढायला एशोल्टला खास व्यवस्था करावी लागली. म्हणजे जे तेल वाचवायला मी सूट मळका ठेवला, ते कापड विणायच्या आधीच बहुतेक गटारात गेलेलं होतं.

ड्रायक्लीनिंगच्या जन्मकथाही अशाच ऐकीव. न्यूयॉर्कचे कृष्णवर्णीय शिंपी थॉमस जेनिंग्ज यांना १८२१ साली 'ड्राय स्कॉअरिंग'चं पेटंट मिळालं, हे खरं. पण १८३६ मध्ये पेटंट कार्यालयाला आग लागली आणि त्यात ते जळालं. त्यांची पद्धत नेमकी काय होती हे आज सांगता येत नाही, तरी 'ड्रायक्लीनिंगचा शोध' बिनदिक्कत त्यांच्या नावावर लावतात. दुसरी गोष्ट पॅरिसच्या जोली यांची. मोलकरणीने टेबलक्लॉथवर दिवा सांडला आणि तेवढाच भाग स्वच्छ झाला म्हणे. ही घटना कोणी १८२५ची सांगतं, कोणी १८४५ची, तर कोणी १८५५ची.

त्यानंतरचं शतक टर्पेंटाइन, बेंझिन आणि पेट्रोलचं. दुकानांना आगी लागत, कपड्यांना वास राही. शिवाय ही द्रावणं चरबी विरघळवतात, घाम नाही. घामाला पाणीच लागतं. त्या काळी सूट क्लीनरकडे द्यायला लोक कचरत असतील तर ते शहाणेच. १९३०च्या दशकात पर्क्लोरोइथिलीन आलं. ते पेट घेत नाही. गंमत म्हणजे फॅरेडेने ते १८२१ सालीच, जेनिंग्जच्या पेटंटच्या वर्षीच, जाहीर केलं होतं. त्याचा खरा धोका सुटाला नाही, दुकानात दिवसभर ते हुंगणाऱ्याला आहे. कर्करोगाच्या भीतीमुळे अमेरिकेने २०२४च्या अखेरीस ड्रायक्लीनिंगमधला त्याचा वापर दहा वर्षांत बंद करायचं ठरवलं.

ब्रशचा सल्ला त्याहून जुना आहे, आणि चांगलाही: धुळीचे कण धाग्याला कापतात. १८६१च्या मिसेस बीटनच्या गृहव्यवस्थापनाच्या पुस्तकात धन्याचे कपडे ब्रशने साफ करणं हे व्हॅलेटचं काम म्हणून येतं. म्हणजे तो ज्या घरातून आला तिथे नोकर होता, आणि अर्थातच एकाहून अधिक सूट. कोट घातल्यावर दोन दिवस विसावा द्या, हेही तिथलंच. एका सुटावर सगळे समारंभ निभावणाऱ्याच्या घरातून हा सल्ला आलेला नाही. तिथून आलेला सल्ला आईचा.

एक गोष्ट मात्र इंटरनेटवाल्यांची मान्य करायला हवी. चांगल्या शिंप्याने शिवलेल्या कोटाच्या छातीत घोड्याच्या केसांचं कॅनव्हास असतं, लॅपलला मऊ वळण असतं. घाईत दाबलेली प्रेस ते वळण चपटं करून टाकते. बदनाम द्रावण होतं, पण काम बहुधा प्रेसवाल्याचं असतं. त्यामुळे साफ करून घ्यावा, फक्त प्रेस हाताने करायला सांगावी.

कसरीच्या अळ्या लोकरीतलं केराटिन खातात, आणि घाम-अन्न लागलेली लोकर त्यांना जास्त मानवते. संग्रहालयांत असे कपडे गोठवतात. बाबांचा सूट सध्या प्लास्टिकच्या पिशवीत, उणे १८ अंशांवर, आईने दिलेल्या ओल्या नारळाच्या करंज्यांशेजारी आहे. दोन आठवड्यांनी तो क्लीनरकडे जाईल; आमटीचा डाग कुठला आणि घामाचा कुठला हे मी बोट ठेवून दाखवणार आहे. रफू पुण्यातच करून घ्यायचं ठरलंय. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही.