जिमखान्यावरील एक सायंकाळ

क्रिकेटच्या इतिहासांत धांवा मोजणाऱ्याची वही राहते. टाळ्या वाजविणाऱ्यांची नोंद कोणी ठेवीत नाहीं. तरीहि मुंबईस एक सायंकाळ अशी होऊन गेली कीं तिची हकीकत सांगावयाची तर प्रेक्षकांवांचून ती पुरी होत नाहीं. ती सायंकाळ १७ डिसेंबर १९३३ ची, वार रविवार.

हिंदुस्थानच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना त्या वेळीं बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर चालू होता. ही जागा मोठी अर्थपूर्ण होती. १८७५ सालीं स्थापन झालेली ही संस्था युरोपियनांची. हिंदी माणसास तिचें सभासदत्व नव्हतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्याजवळच्या एस्प्लनेड मैदानावर पारशी आणि हिंदु मुलें क्रिकेट खेळत, तेथें साहेबांच्या पोलोच्या घोड्यांनीं जमीन उखडून टाकावी आणि मुलांनीं खड्ड्यांतून चेंडू वेचावा, असा प्रकार वर्षानुवर्षें चालला. त्याविरुद्ध अर्ज झाले, दाद मागण्यांत आली. शापुरजी सोराबजी या पारशी गृहस्थानें त्या झगड्याची कहाणी १८९७ सालीं पुस्तकरूपानें छापली. ज्यांच्या वाडवडिलांनीं हे अर्ज पाहिले होते, त्यांतले कित्येक त्या रविवारीं दोरीबाहेर दाटीवाटीनें बसले असतील.

दोरीचें महत्त्व आज चटकन् ध्यानांत येणार नाहीं. नगर-पुणे रस्त्यावरील सुप्यासारख्या गांवीं सायंकाळीं टेनिसच्या चेंडूचा सामना लागला कीं चुन्याची रेघ हीच काय ती सीमा. चेंडू बघ्यांच्या पायांत आला तर बघेच तो परत फेकतात. जिमखान्याच्या हिरवळीवर पाऊल टाकण्यास मात्र त्या काळीं निमंत्रण लागे.

खेळाची स्थिति आशादायक नव्हती. हिंदी संघाच्या पहिल्या डावांत २१९ धांवा झाल्या होत्या. डग्लस जार्डिनच्या इंग्लिश संघानें ४३८ केल्या. दुसऱ्या डावांत अवघ्या २१ धांवांवर दोन गडी बाद झाले. अशा वेळीं लाला अमरनाथ या बावीस वर्षांच्या नवख्या खेळाडूस कर्णधार सी. के. नायडू येऊन मिळाले. नायडूंचें नांव मुंबईकरांना नवें नव्हतें. १९२६ सालीं याच मैदानावर त्यांनीं एम. सी. सी. विरुद्ध अकरा षटकारांसह १५३ धांवा काढल्या होत्या. परंतु त्या दिवशीं डाव गाजविला तो शिष्यानें, आणि नायडूंनीं शहाणपणानें दुसरी बाजू सांभाळली. पहिलाच कसोटी सामना खेळणाऱ्या अमरनाथनें निकल्स व क्लार्क या वेगवान गोलंदाजांना बेधडक फटकावलें आणि ११७ मिनिटांत शंभरी गांठली. कसोटी सामन्यांत हिंदी संघातर्फे झालेलें तें पहिलें शतक!

मग दोरी राहिली नाहीं. लोक मैदानांत धांवले, अमरनाथच्या गळ्यांत हार पडले, कोणी पाठ थोपटली, आणि स्त्रियांनीं अंगावरील दागिने काढून दिले असें सांगतात. दागिन्यांच्या गोष्टींत अतिशयोक्तीचा भाग असेल. परंतु जमाव आंत शिरला यांत शंका नाहीं. शिस्तीच्या भोक्त्यांनीं नाकें मुरडलीं असल्यास तीं मुरडूं द्यावीं. ज्या हिरवळीवर आपल्याला सभासद म्हणून स्थान नाहीं, तिच्यावर आपल्या माणसाला भेटण्यासाठीं घटकाभर तरी जातां आलें, याचा आनंद धांवफलकावर मोजतां येत नाहीं.

दिवसाचा खेळ थांबला तेव्हां फलकावर दोन बाद १५९ लागले होते. दुसऱ्या दिवशीं अमरनाथ ११८ वर, तर नायडू ६७ वर बाद झाले. या जोडीनें १८६ धांवा जोडल्या होत्या. बाकीचा संघ फार टिकला नाहीं आणि डाव २५८ वर आटोपला. इंग्लंडनें एका गड्याच्या मोबदल्यांत ४० धांवा करून सामना जिंकला. म्हणजे ज्या खेळीचा एवढा उत्सव झाला, ती हरलेल्या सामन्यांतली होती.

पुढच्याच वर्षीं ए. एफ. एस. तल्यारखान यांच्या वाणींतून चौरंगी सामना नभोवाणीवर येऊं लागला, आणि मैदानाबाहेरच्या माणसालाहि प्रेक्षक होतां आलें. १९३७ मध्यें ब्रेबॉर्न स्टेडियम उभें राहिलें. मुंबईचे कसोटी सामने तिकडे गेले. जिमखान्याच्या मैदानावर मात्र त्यानंतर एकहि कसोटी सामना झाला नाहीं.