स्पॉटिंग स्कोप (नेमबाजी)

स्पॉटिंग स्कोप : गोळी लक्ष्यावर कुठे लागली हे जागचे न हलता पाहण्यासाठी नेमबाज वापरतो ती एका डोळ्याची दुर्बीण. रायफलीवर बसवायची टेलिस्कोपिक साइट वेगळी. ही दुर्बीण मात्र शेजारी स्टँडवर उभी असते. पुढे वस्तुभिंग, मध्ये प्रतिमा सुलट करणारे प्रिझम आणि मागे नेत्रभिंग अशी तिची रचना असते. २०-६०×८० असे लिहिलेले असेल तर वर्धन २० ते ६० पट आणि वस्तुभिंगाचा व्यास ८० मिमी.

व्याप्ती : १० मीटर एअर रायफलला स्कोप लागत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार रायफलीला न जोडलेली दुर्बीण ५० आणि ३०० मीटरच्या स्पर्धांत वापरता येते. ३०० मीटरचा प्रकार १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर ऑलिंपिकमधून गेला. मोठ्या स्पर्धांत आता इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये असून प्रत्येक गोळीची जागा नेमबाजाशेजारच्या पडद्यावर उमटते. स्वप्नील कुसाळे (कांबळवाडी, जि. कोल्हापूर) यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य मिळवले ते अशाच लक्ष्यांवर. म्हणून स्कोप कालबाह्य झाला असे काही जण मानतात. कागदी लक्ष्यावर सराव करणाऱ्याला तो अजूनही लागतो, आणि होतकरू नेमबाजाचा सराव कागदावरच अधिक होतो.

मुंबई : शहरातील नेमबाजीचे जुने केंद्र म्हणजे वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज. दादरच्या कीर्ती महाविद्यालयात एनसीसीत असताना नेमबाजीकडे वळलेल्या अंजली वेदपाठक-भागवत या रेंजवरच संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली घडल्या. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्यांनी १० मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठली. कुसाळे यांच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे (ऑलिंपिक, २००४) याही मुंबईच्याच. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. त्यांच्या नावाची स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेकडे जाण्याची पायरी आहे. क्लबात सराव करणाऱ्या मुंबईकराचा लांब पल्ला बहुधा ५० मीटरवर संपतो. स्वस्त स्कोपचा विचार इथूनच करावा लागतो. परदेशी जाहिराती मात्र हजार यार्डांचा हिशेब सांगतात.

निवड : .२२ गोळीचे भोक सुमारे ५.६ मिमी असते. ५० मीटरवर ते २३ विकलांचा कोन करते (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). निरोगी डोळ्याला साधारण ६० विकलांपर्यंतचा तपशील कळतो, म्हणजे हिशेबाने तीन पट वर्धनही पुरावे. प्रत्यक्षात भोक नुसते दिसून भागत नाही, ते कोणत्या वर्तुळाला शिवते हे कळावे लागते. दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिमीचे. त्यासाठी २० ते २५ पट वर्धन आणि ५० ते ६० मिमी भिंग पुरते. ३०० मीटरवर ७.६२ मिमीचे भोक ५.२ विकलांवर येते; तिथे ६५ मिमीच्या खाली उतरू नये. हजार यार्डांवर (९१४ मीटर) तेच १.७ विकला भरते. भिंगाची सूक्ष्मतेची मर्यादा ढोबळमानाने ११६ भागिले मिमीमधील व्यास इतक्या विकला. ६० मिमीला ती १.९ येते, ८० मिमीला १.४५. म्हणजे लहान भिंगाचे वर्धन कितीही वाढवले तरी हजार यार्डांवरचे भोक त्यात स्पष्ट होणार नाही. मोठ्या भिंगालाही तापलेल्या हवेचा अडथळा असतोच. इतक्या अंतरावर स्कोपचा खरा उपयोग मृगजळाची लहर बघून वारा ओळखण्याचा. ती वाहती दिसली तर आडवा वारा, सरळ वर उकळताना दिसली तर वारा पडलेला किंवा थेट समोरून वा मागून येणारा.

खोक्यावरचा ६० पट वर्धनाचा आकडा गिऱ्हाईक ओढण्यासाठी असतो. ८० मिमी भिंगातून २० पटीला डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत ४ मिमीचा, ६० पटीला जेमतेम १.३ मिमीचा, चित्र काळवंडते आणि हाताच्या धक्क्याने थरथरते. त्यात .२२ चे भोक लक्ष्याच्या काळ्या भागात पडले की आधीच दिसत नाही. स्वस्त काचेत काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर जांभळी कडा येते. ईडी काच (रंग कमी विखुरणारी) ती कमी करते. ५० मीटरसाठी तिचे जादा पैसे मोजावेत का, यावर एकमत नाही. बेताच्या किमतीत सेलेस्ट्रॉन, व्होर्टेक्स, स्व्हबोनी यांची नावे निघतात. झाइस, स्वारोव्स्की यांच्या वाटेला होतकरूने जाऊ नये. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर मिळणाऱ्या पितळी दुर्बिणी बहुधा शोभेच्या.

स्टँड : बहुतेक जण स्कोपवर पैसे संपवून स्टँडवर काटकसर करतात; उलटे करावे. पालथे पडून नेम धरणारा उजवा नेमबाज स्कोप डाव्या बाजूला असा लावतो की गाल रायफलीवरून न उचलता डावा डोळा नेत्रभिंगाशी जाईल. साइटर (चाचणीची गोळी) मारला, डोळा वळवला, घड्याळातल्या चारच्या दिशेला आठच्या वर्तुळात भोक दिसले, साइटचे क्लिक फिरवले, पुन्हा नेम. यात मान उचलावी लागली की बैठक मोडते आणि पुढची गोळी दुसऱ्याच बैठकीतून सुटते. थ्री पोझिशन्समध्ये गुडघ्यावर, पालथे आणि उभे अशा तीन उंचींना पुरणारा दांडा लागतो. ४५ अंशात वाकलेले नेत्रभिंग पालथ्या स्थितीत सोयीचे. सरळ नळीचे समर्थकही आहेत. चष्मेवाल्यांनी डोळा १५ मिमीहून अधिक लांब ठेवता येईल असे नेत्रभिंग पाहून घ्यावे.

निगा : मुंबईत स्कोप गोळीबाराने नव्हे, बुरशीने मरतो. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात आणि काचेवरचे लेपन खातात. नायट्रोजन भरलेली, सीलबंद नळी आतली बाजू वाचवते, बाहेरची नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि सिलिका जेलची पुडी एवढी व्यवस्था घरी पुरते. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. चामडी पिशवीत बंद करून कपाटात ठेवणे सर्वात वाईट. समुद्राकाठच्या रेंजवरून आल्यावर भिंगावरचे खारे कण आधी फुंकणीने उडवावेत, मग मऊ कापड लावावे.

परवाना : लागत नाही.

इतर उपयोग : शिवडीच्या चिखलपट्ट्यांवर रोहित पक्षी पाहण्यासाठी हाच स्कोप चालतो, तिथे मात्र वर्धनापेक्षा रुंद दृष्टिक्षेत्राला महत्त्व (पहा : पक्षिनिरीक्षण).