पदवीपूर्तीच्या अटींचा प्रवास : महाराष्ट्रातील सामाजिक शास्त्रांच्या बी.ए. पदवीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

पदवी पूर्ण झाली असे केव्हा म्हणावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ प्रशासकीय स्वरूपाचा वाटतो. विद्यापीठाच्या अध्यादेशात त्याचे उत्तर लिहिलेले असते आणि परीक्षा विभाग त्यानुसार निकाल जाहीर करतो. तथापि, हे उत्तर गेल्या सुमारे एकशे पासष्ट वर्षांत अनेकदा बदलले आहे. प्रत्येक बदलामागे ज्ञान कशाला म्हणावे, ते कोणत्या भाषेत मिळवावे आणि कोणी मिळवावे, याविषयीची एक निश्चित भूमिका होती. पदवीच्या अटी या एकाच वेळी दर्जाची हमी आणि प्रवेशद्वारावरील पहारा असतात. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र यांसारख्या विषयांची बी.ए. पदवी ही ग्रामीण व प्रथम पिढीतील विद्यार्थ्यांना सर्वांत सहज उपलब्ध होणारी पदवी असल्याने तिच्या बाबतीत हा मुद्दा अधिक महत्त्वाचा ठरतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीमुळे या अटींची पुन्हा एकदा नव्याने रचना झाली आहे. या पार्श्वभूमीवर प्रस्तुत लेखात मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेपासून आजपर्यंत या अटी कशा घडत गेल्या, याचा आढावा घेतला आहे.

१) लंडनचा आराखडा आणि 'टर्म' ची अट :

१८५४ च्या वूडच्या खलित्यानुसार १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. लंडन विद्यापीठ हा त्यांचा आदर्श होता. त्यामुळे ही विद्यापीठे प्रारंभी अध्यापन करणारी नव्हती. संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची परीक्षा घेणे व पदवी प्रदान करणे एवढेच त्यांचे कार्य होते. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ मध्ये झाली आणि १८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे पहिले चार पदवीधर बाहेर पडले.

या व्यवस्थेत पदवीपूर्तीसाठी दोन गोष्टी आवश्यक होत्या. विद्यार्थ्याने मान्यताप्राप्त महाविद्यालयात ठरावीक सत्रे पूर्ण करणे, म्हणजेच 'टर्म भरणे', ही पहिली आणि विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तीर्ण होणे ही दुसरी. येथे एक बाब लक्षणीय आहे. ज्या लंडन विद्यापीठाचे अनुकरण झाले, त्याने १८५८ मध्येच महाविद्यालयात शिकण्याची अट काढून टाकली व आपल्या परीक्षा बाहेरच्या विद्यार्थ्यांना खुल्या केल्या. मुंबईने मात्र टर्मची अट कायम ठेवली. आजच्या पंचाहत्तर टक्के उपस्थितीच्या नियमाचे मूळ येथे आहे. विद्यार्थ्यांच्या तोंडी रुळलेला 'एटीकेटी' हा शब्दही याच परंपरेतला. 'अलाउड टू कीप टर्म्स' या इंग्रजी पदातील आद्याक्षरांपासून तो बनला. काही विषयांत अनुत्तीर्ण होऊनही पुढील वर्षाची टर्म भरण्याची परवानगी, असा त्याचा अर्थ होय. विद्यार्थ्यांच्या लेखी तो अपयशाचा शिक्का असला, तरी नियमाच्या दृष्टीने ती सवलत आहे.

प्रारंभीच्या बी.ए. मध्ये आजच्या अर्थाने 'विशेष विषय' नव्हता. इंग्रजी, एक अभिजात भाषा, इतिहास, तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, गणित अशा अनेक विषयांत एकाच वेळी उत्तीर्ण व्हावे लागे. एका विषयात अपयश आल्यास सगळीच परीक्षा पुन्हा देण्याची वेळ येत असे. परीक्षांच्या या ओझ्याने पदवीधरांचे आरोग्य खचते व त्यांना अकाली मृत्यू येतो, याकडे न्यायमूर्ती रानडे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लक्ष वेधले होते. पहिल्या तुकडीच्या पदवीधरानेच पदवीच्या अटींचा असा ताळेबंद मांडावा, ही घटना बोलकी आहे.

२) भाषेची अट आणि तिचा सामाजिक परिणाम :

पदवीच्या अटींमध्ये सर्वाधिक दूरगामी ठरली ती भाषेची अट. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते. त्यातच १८६० च्या दशकात विद्यापीठाने परीक्षांमधून देशी भाषांना बाजूला सारून अभिजात भाषांना स्थान दिले. मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याला पदवीसाठी संस्कृत, फारसी, लॅटिन यांसारखी भाषा घ्यावी लागे. मराठीला मात्र जागा नव्हती. मराठीचा अभ्यासक्रमात पुन्हा समावेश व्हावा यासाठी रानडे यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी एम.ए. च्या पातळीवर मराठीला प्रवेश मिळाला, तो या प्रयत्नांमुळेच.

अभिजात भाषेची अट कागदावर सर्वांना सारखीच लागू होती. व्यवहारात तसे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना शालेय जीवनात संस्कृत शिकावयाचे होते. परंतु अस्पृश्य म्हणून त्यांना ते नाकारले गेले व फारसी घ्यावी लागली. नियम तटस्थ असला तरी तो पार पाडण्याची साधने समाजात विषम वाटलेली असतील, तर नियमही विषम ठरतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. आंबेडकरांनी पुढे १९२४ मध्ये मुंबई विद्यापीठ सुधारणा समितीच्या प्रश्नावलीला सविस्तर उत्तर दिले आणि केवळ परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाच्या कल्पनेवर टीका केली. अध्यापन व संशोधन हे एकमेकांपासून तोडता कामा नयेत, अशी त्यांची भूमिका होती. १९४६ मध्ये मुंबईत त्यांनी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, त्यामागेही उच्च शिक्षणाचे दार रुंद करण्याचाच विचार होता.

स्त्रियांच्या बाबतीतही अटींची भाषा निर्णायक होती. विद्यापीठाच्या नियमांत विद्यार्थ्याचा उल्लेख पुल्लिंगी असल्याने स्त्रियांचा प्रवेश हाच प्रश्न झाला होता. मुंबई विद्यापीठाने १८८३ मध्ये स्त्रियांना परीक्षा खुल्या केल्या आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाच्या कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन करून वेगळा मार्ग अवलंबिला. तेथे मातृभाषा हे माध्यम आणि इंग्रजी हा एक विषय अशी रचना होती. पदवीलाही 'गृहीतागमा' असे स्वतंत्र नाव होते. सरकारमान्य चौकटीबाहेर राहण्याची किंमत या विद्यापीठाने दीर्घकाळ मोजली. कायद्याने मान्यता मिळण्यास स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला. मात्र मातृभाषेतून पदवी पूर्ण करता येते, हे त्याने सिद्ध केले.

३) विषयांचे विशेषीकरण :

१९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना अध्यापनाचा अधिकार दिला. १९१७ ते १९१९ या काळात काम केलेल्या सॅडलर आयोगाने इंटरमिजिएट परीक्षा विद्यापीठापासून वेगळी करावी व त्यानंतरचा पदवी अभ्यासक्रम तीन वर्षांचा असावा, अशी शिफारस केली. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभाग सुरू झाला. पॅट्रिक गेडीस व त्यांच्यानंतर गो. स. घुर्ये यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राला स्वतंत्र विद्याशाखेची प्रतिष्ठा लाभली. पदव्युत्तर विभागांतून तयार झालेले प्राध्यापक महाविद्यालयांत आले आणि बी.ए. च्या पातळीवर हे विषय विस्तारले. त्यामुळे पदवीचा भर 'अनेक विषयांचे सामान्य ज्ञान' यावरून 'एका विषयाचे विशेष ज्ञान' याकडे वळला.

स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने (१९४८–४९) या विशेषीकरणाला सामान्य शिक्षणाची जोड असावी, असे सुचविले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) पुरस्कारिलेला १०+२+३ हा आकृतिबंध महाराष्ट्रात १९७० च्या दशकात लागू झाला. १९७५ मध्ये दहावीची व १९७७ मध्ये बारावीची पहिली परीक्षा झाली. त्यापूर्वी अकरा वर्षे शाळा व चार वर्षे महाविद्यालय अशी विभागणी होती. एकूण वर्षे पंधराच राहिली. परंतु महाविद्यालयाचे पहिले वर्ष कनिष्ठ महाविद्यालयाकडे गेले व पदवी तीन वर्षांची झाली.

यानंतरची रचना आजच्या अनेक प्राध्यापकांनी विद्यार्थी म्हणून अनुभवलेली आहे. पुणे विद्यापीठात आवश्यक इंग्रजीबरोबर सामान्य स्तराचे विषय व द्वितीय वर्षापासून विशेष स्तराच्या प्रश्नपत्रिका असत. मुंबईत तृतीय वर्षाला सहा प्रश्नपत्रिका असत. त्या एकाच विषयाच्या किंवा दोन विषयांच्या तीन-तीन अशा घेता येत. वर्षाअखेर तीन तासांची लेखी परीक्षा हेच मूल्यमापनाचे मुख्य साधन होते. याच काळात मराठी माध्यमाचा विस्तार झाला. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश व विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाची पुस्तके यांमुळे सामाजिक शास्त्रे मराठीतून लिहिता-शिकविता येऊ लागली. पदवीच्या नियमांतील एका पर्यायाने खेड्यापाड्यांतील महाविद्यालयांना जो विद्यार्थिवर्ग मिळवून दिला, त्याचे श्रेय या शांतपणे झालेल्या कामाला द्यावे लागते.

पदवीच्या अटींवर विद्यापीठाबाहेरूनही प्रभाव पडले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणाविषयी दिलेला निर्णय व २००३ मधील पुढील निर्देश यांमुळे विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवीसाठी पर्यावरण अभ्यास अनिवार्य केला. अभ्यासमंडळाऐवजी न्यायालयाच्या आदेशाने पदवीची एक अट निर्माण होण्याचे हे ठळक उदाहरण आहे.

४) श्रेयांकाचे युग :

श्रेयांकाची कल्पना भारतात रुजविण्यात मुक्त शिक्षणाचा वाटा होता. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या जुन्या बी.ए. मध्ये ९६ श्रेयांक होते व एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याच्या अभ्यासाचे ३० तास मानले जात. पारंपरिक विद्यापीठांत ही पद्धती उशिरा आली. मुंबई विद्यापीठाने २०११–१२ पासून श्रेयांकाधारित सत्र व श्रेणी पद्धती आणली; अन्य विद्यापीठांनी पुढील दशकात तिचा स्वीकार केला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाची चौकट प्रसिद्ध केली. तीनुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० व चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी १६० श्रेयांक लागतात. १२० पैकी ६० मुख्य विषयाला, २४ गौण विषयाला, ९ आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रमांना, ८ भाषा व संवादक्षमतेला, ९ कौशल्यांना आणि उरलेले मूल्यवर्धित अभ्यासक्रम व आंतरवासितेला आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२३ मधील निर्णयाद्वारे ही चौकट स्वीकारून तीत भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रीय प्रकल्प, समाजसंपर्क व प्रत्यक्ष कार्यानुभव यांचा समावेश केला. स्वायत्त महाविद्यालयांत २०२३–२४ पासून व संलग्न महाविद्यालयांत २०२४–२५ पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली.

या रचनेत अध्यापनाच्या १५ तासांना एक श्रेयांक असा साधारण हिशेब आहे. पहिल्या वर्षानंतर ४० श्रेयांक व उन्हाळी सत्रातील ४ श्रेयांकांचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला प्रमाणपत्र, तर दुसऱ्या वर्षानंतर पदविका मिळते. तीन वर्षांच्या आत परत येऊन सात वर्षांच्या मर्यादेत पदवी पूर्ण करण्याची मुभा आहे. ऐतिहासिक दृष्टीने पाहता ही तरतूद महत्त्वाची आहे. एकेकाळी 'बी.ए. नापास' ही एक सामाजिक ओळखच होती. इंटरपर्यंत शिकलेला किंवा अंतिम परीक्षेत अडखळलेला मनुष्य आयुष्यभर ती वागवीत असे. त्याच्या दोन-तीन वर्षांच्या अभ्यासाला जी मान्यता नव्हती, ती आता श्रेयांकांच्या रूपाने मिळू शकते. दुसरीकडे, लग्न, शेतीचे काम किंवा शहरातील रोजगार यांमुळे शिक्षण सोडणाऱ्या विद्यार्थ्यांची गळती 'निर्गमन' या नावाखाली दिसेनाशी होण्याचा धोकाही आहे. प्रमाणपत्र घेऊन गेलेला विद्यार्थी परत आला की नाही, याची नोंद महाविद्यालयाने ठेवली नाही, तर ही सवलत गळतीचे दुसरे नाव ठरेल.

विषयनिवडीचे स्वातंत्र्य हा दुसरा मुद्दा. निवडीचा अर्थ महाविद्यालयात उपलब्ध असलेल्या विभागांवर अवलंबून असतो. तीन-चार सामाजिक शास्त्रे व मोजके प्राध्यापक असलेल्या महाविद्यालयात मुख्य, गौण व खुला विषय यांची निवड वेळापत्रकच ठरविते. शिवाय मुख्य विषयाचे तास विभागले गेल्याने कमी विद्यार्थिसंख्येच्या विषयांचा कार्यभार कमी होतो आणि पद रिक्त झाल्यास ते न भरण्याला निमित्त मिळते. अभिजात भाषेच्या अटीबाबत जे घडले, तेच येथे वेगळ्या रूपात घडू शकते. नियम सर्वांना समान आणि साधने विषम, अशी ती स्थिती असेल.

निष्कर्ष :

१) पदवीपूर्तीचे माप बदलत गेले आहे. प्रारंभी टर्म, नंतर विशेष विषयाच्या प्रश्नपत्रिका आणि आता श्रेयांक, असा हा क्रम असला तरी जुने माप पूर्णपणे नाहीसे झालेले नाही. उपस्थितीची अट व एटीकेटी ही त्याची साक्ष होय.

२) अनेक विषयांचे सामान्य ज्ञान व एका विषयाचे विशेष ज्ञान यांतील ताण १८६२ पासून चालत आलेला आहे. नव्या चौकटीतील बहुविद्याशाखीयता ही सर्वस्वी नवी कल्पना नसून जुन्या प्रश्नाचे नवे उत्तर आहे.

३) भाषा, लिंग व जात यांच्या संदर्भात तटस्थ दिसणाऱ्या अटींनीही विद्यार्थ्यांना दूर ठेवले. ज्या अटी शिथिल झाल्या, त्यांनी नवे समाजघटक विद्यापीठात आणले.

४) महिला विद्यापीठाची मातृभाषेतील पदवी, परिभाषा कोश आणि मुक्त शिक्षण यांचा अनुभव असे दाखवितो की, अट बदलण्याबरोबर ती पूर्ण करण्याची साधने निर्माण केली, तरच बदल टिकतो.

५) म्हणून नव्या चौकटीचे मूल्यमापन किती श्रेयांक दिले गेले, यावर न करता किती विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचले आणि बाहेर पडलेल्यांपैकी किती परत आले, यावर करणे उचित ठरेल. ही नोंद ठेवण्याचे काम विद्यापीठापेक्षा महाविद्यालयातील प्राध्यापकच अधिक विश्वसनीयपणे करू शकतात, कारण वर्गातून अनुपस्थित झालेला विद्यार्थी प्रथम त्यांनाच जाणवतो.