जिवाची मुंबई, पण दोघांची: जोडप्यांच्या फिरण्याचा इतिहास कसा शोधायचा?

पीएचडीची तयारी करणाऱ्यांकडून मला सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न म्हणजे, "विषय तर आवडता आहे, पण संशोधनाचा प्रश्न मिळतो कुठून?" आज त्याचं उत्तर एका फोनच्या गोष्टीतून देते.

माझ्या चुलत बहिणीचं नुकतंच लग्न झालं. ती नाशिकला असते. एका गुरुवारी तिचा फोन आला, "ताई, शनिवार-रविवार मुंबईला येतोय, आम्ही दोघंच. तू मुंबईवरच पीएचडी करतेस ना, मग सांग कुठे फिरायचं. जरा रोमँटिक हं! म्युझियम नको."

मी फारसा विचार न करता यादी सांगितली. संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून सूर्यास्त बघा, मग चालत गिरगाव चौपाटीवर जाऊन भेळ खा. दुसऱ्या दिवशी गेटवेवरून लाँचने घारापुरी. परत आल्यावर एखाद्या इराण्याकडे बनमस्का आणि चहा. वेळ उरलाच तर हँगिंग गार्डन, नाहीतर राणीची बाग.

फोन ठेवला आणि जाणवलं की हीच यादी तिच्या आईनेही दिली असती. बहुतेक आजीनेही. म्हणजे ही यादी माझी नाहीच. मग कुणाची आहे? कुणी आणि कधी ठरवलं की दोघांनी मुंबईत 'इथे' जायचं असतं?

संशोधनाचा प्रश्न असा मिळतो. जे आपण विचार न करता सांगतो, तिथे थांबायचं.

पायरी पहिली: जागा कशासाठी बांधली होती?

यादीतल्या जागा एकेक करून तपासा. गेटवे ऑफ इंडिया १९११ मधल्या पंचम जॉर्ज बादशहाच्या भेटीची आठवण म्हणून उभा राहिला आणि १९२४ मध्ये पूर्ण झाला. राणीची बाग १८६० च्या दशकातली, वनस्पतिशास्त्राच्या हौसेतून आणि व्हिक्टोरिया राणीच्या नावाने उभी राहिलेली. हँगिंग गार्डन तर मलबार हिलवरच्या पाण्याच्या जलाशयावर माती टाकून केलेली बाग आहे. गिरगाव चौपाटी ही स्वातंत्र्यलढ्यातल्या सभांची जागा. लोकमान्य टिळकांवर १९२० मध्ये तिथेच अंत्यसंस्कार झाले. इराणी हॉटेलांत 'फॅमिली रूम' असायची, ती बायकामुलांना घेऊन येणाऱ्यांना आडोसा मिळावा म्हणून.

म्हणजे यातली एकही जागा जोडप्यांसाठी बांधलेली नाही. जोडप्यांनी त्या वापरून वापरून आपल्या केल्या. इतिहास लिहिताना हा फरक लक्षात ठेवा. बांधणाऱ्याचा हेतू कागदावर सापडतो, वापरणाऱ्याचा हेतू सहसा सापडत नाही.

पायरी दुसरी: मग घरी का नाही?

माझ्या गाइडना ही कल्पना सांगितली तेव्हा ते आधी हसले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बाहेर का गेले, यापेक्षा घरी का नाही बसले, हे बघितलंस का?"

ते बघायला गेले आणि सापडलं ते असं. १९३१ च्या जनगणनेनुसार मुंबईतले सुमारे तीन चतुर्थांश लोक एकखोली बिऱ्हाडात राहत होते. एका खोलीत स्वयंपाक, झोप, आजारपण, बाळंतपण, पाहुणे, सगळंच. त्यात भर म्हणून गावाकडून आलेला भाचा किंवा पैसे देऊन जेवणारा खाणावळी.

बीडीडी चाळींचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात १९२० मध्ये हे खातं सुरू झालं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून त्यांनी २०७ चाळी बांधल्या. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, एका चाळीत ८० खोल्या आणि एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. संडास सामायिक.

आता खरी गंमत. याच खात्याकडे आणखी एक मोठं काम होतं, बॅकबेमध्ये भराव टाकून समुद्रातून जमीन काढण्याचं. ही योजना चांगलीच गाजली आणि फसली. बांधलेल्या भिंतीतून गाळ बाहेर वाहून जायला लागला, खर्च फुगला, १९२६ मध्ये चौकशी समिती बसली. खुर्शेद नरिमन यांनी या कारभारावर इतकी कडक टीका केली की एका इंजिनिअरने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. नरिमन निर्दोष सुटले. आजचा नरिमन पॉइंट त्यांच्याच नावाचा. ठरवलेल्या जमिनीपैकी निम्मीसुद्धा तेव्हा निघाली नाही, पण जी निघाली तिच्या कडेने १९३० च्या दशकात मरीन ड्राइव्ह आकाराला आला.

थोडक्यात, ज्या खात्याने एकांत नसलेली खोली बांधली, त्याच खात्याच्या फसलेल्या योजनेतून एकांताचा कट्टा मिळाला. हे मला सापडलं तेव्हा मी वाचनालयात जवळजवळ ओरडलेच होते. प्रबंध झालाच, असं वाटलं.

पायरी तिसरी: सुंदर गृहीतकावर संशय घ्या

इथे मी चुकले, आणि ही चूक तुमच्याकडूनही होणार आहे, म्हणून सविस्तर सांगते.

माझं गृहीतक होतं: चाळीत जागा नाही, म्हणून १९३० च्या दशकात कामगार जोडपी मरीन ड्राइव्हवर येऊ लागली. वाचायला छान आहे. पण जनगणनेचंच दुसरं कोष्टक उघडा. त्या काळात मुंबईत दर दोन पुरुषांमागे साधारण एकच स्त्री होती. बहुतेक गिरणी कामगारांच्या बायका कोकणात, साताऱ्यात, घाटावर शेती आणि सासर सांभाळत होत्या. जोडपंच शहरात नव्हतं, तर कट्ट्यावर कुठून येणार? शिवाय सुरुवातीला बीडीडीच्या बऱ्याच खोल्या रिकाम्याच पडून होत्या, आणि मरीन ड्राइव्हलगतच्या नव्या इमारती सुखवस्तू कुटुंबांच्या होत्या. तिथे हवा खायला येणारे लोकही बहुतेक तेच.

म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पण त्यांना जोडणारं 'म्हणून' माझ्या पदरचं होतं. कुटुंबं मोठ्या संख्येने शहरात राहायला लागल्यावर, मुख्यतः स्वातंत्र्यानंतर, ती खोली आणि तो कट्टा एकमेकांना भेटले. दोन घटना शेजारी ठेवल्या की कारण आपोआप तयार होत नाही. हे वाक्य टेबलासमोर चिकटवून ठेवा.

नंतरच्या काळासाठी मला सिनेमा उपयोगी पडला. १९७० चा 'मुंबईचा जावई' बघा. चाळीतल्या भरल्या बिऱ्हाडात नवी सून येते आणि नवराबायकोला एकांत मिळत नाही, एवढीच गोष्ट. बासू चटर्जींनी त्यावरूनच १९७२ मध्ये हिंदीत 'पिया का घर' केला. १९७७ च्या 'घरौंदा'त तर दोघं लग्नाआधीच फ्लॅटसाठी पैसे जमवताना दिसतात. पण सावध राहा. सिनेमा हा पुरावा आहे, पण कशाचा? जोडपी नेमकं काय करत होती याचा नाही. प्रेक्षकांना कोणती अडचण ओळखीची वाटत होती, याचा आहे. हसण्यासाठी आधी ओळख पटावी लागते.

पायरी चौथी: अभिलेखात जोडपी कुठे दिसतात?

याचं उत्तर वाईट वाटायला लावणारं आहे. दंडाच्या पावतीवर.

भारतीय दंड संहितेचं कलम २९४ (आता भारतीय न्याय संहितेचं २९६) सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृत्यांबद्दल आहे. मुंबई पोलीस कायदा, १९५१, म्हणजेच आजचा महाराष्ट्र पोलीस कायदा, याचं कलम ११० सार्वजनिक जागी असभ्य वर्तन करण्याबद्दल आहे. पण असभ्य म्हणजे काय? हातात हात? खांद्यावर डोकं? ते बऱ्याच अंशी समोरच्या हवालदारावर अवलंबून. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ-आक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे पडले आणि जोडप्यांना ताब्यात घेतलं गेलं, तेव्हा बंद खोलीतलं वर्तन 'सार्वजनिक' कसं, हा प्रश्न उघडपणे विचारला गेला. म्हणजे खोली मिळाली तरी ती आपली असेलच असं नाही.

आता विचार करा. आपण फक्त अशाच नोंदींवर इतिहास लिहिला, तर मुंबईतलं प्रत्येक जोडपं गुन्हेगार दिसेल. शांतपणे बसून, भेळ खाऊन, शेवटच्या बसने घरी गेलेली हजारो जोडपी कुठेच दिसणार नाहीत. ज्यांचं काही बिघडलं नाही त्यांची नोंद होत नाही.

पायरी पाचवी: विचारायचं कसं?

म्हणून मी आत्याकडे गेले. १९६८ मध्ये लग्न होऊन ती वरळीच्या बीडीडी चाळीत आली. खोलीत आठ माणसं. तिची परवानगी घेऊन रेकॉर्डर लावला आणि विचारलं, "तू आणि काका एकांतासाठी कुठे जायचात?"

"कुठे नाही," आत्या म्हणाली आणि कोथिंबीर निवडायला लागली. मुलाखत संपली!

पुढच्या खेपेला प्रश्न बदलला. "रविवारी कुठली बस पकडायचात?" आता आत्या थांबेचना. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावरची पुढची सीट, तिकिटाचे पैसे, भेळेची एकच पुडी दोघांत, सासूबाईंना सांगितलेलं कारण (मंदिर), आणि परत यायची ठरलेली वेळ. शिवाजी पार्क जवळ होतं, तिकडे का नाही? "तिथे ओळखीचं कुणीतरी भेटतंच." मग कट्टाच का? त्यावर ती म्हणाली, "समुद्राकडे तोंड करून बसलं की मागून जाणाऱ्याला पाठ दिसते. पाठीवर काय नाव लिहिलेलं असतं?"

मी शेवटी विचारलं, "मग बोलायचात काय?" मला वाटलं, लाजेल. आत्या सरळ म्हणाली, "पैशाचं. दिराच्या नोकरीचं. मला शिवणाच्या क्लासला जायचं होतं, ते तिथेच ठरलं. खोलीत बोलले असते तर सात जणांनी मत दिलं असतं."

माझा प्रबंध त्या वाक्यावर उलटा झाला. मी प्रेमाच्या जागा शोधत होते. आत्याला हवी होती ती बोलायची जागा, जिथे नवराबायको दोघांच्याच मताने एखादी गोष्ट ठरवू शकतील. लग्न न झालेल्यांना, जातीबाहेर किंवा धर्माबाहेर प्रेम करणाऱ्यांना तर ती आणखी जास्त हवी असणार. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं २०११ मधलं 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक जरूर वाचा. शहरात बाईने काही काम नसताना नुसतं रेंगाळायला काय काय लागतं, ते त्यात आहे. आत्याला त्यासाठी एक नवरा आणि एक मंदिर लागलं.

आता बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहतायत. जुन्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं मिळतायत, त्यात बेडरूमला दार आहे. मग कट्टा ओस पडेल का? मला माहीत नाही, आणि प्रबंधात भविष्य लिहायचं नसतं. पण तुमच्यापैकी कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या. तुमच्या गावात तळं असेल, किल्ला असेल, एसटी स्टँडमागचं रसवंतीगृह असेल. तिथे कोण बसतं आणि त्यांना घरी काय बोलता येत नाही, हे शोधा. फक्त प्रेमाबद्दल विचारू नका. बसचं तिकीट विचारा.

बहिणीचा सोमवारी मेसेज आला. घारापुरी राहिलीच, हँगिंग गार्डनही. दोन्ही संध्याकाळी ते मरीन ड्राइव्हलाच बसले होते. नाशिकला सासरीच राहायचं की वेगळं बिऱ्हाड करायचं, ते ठरवत होते म्हणे. मी तिला यादीत हे सांगितलंच नव्हतं.