दहा दिवसांच्या आधीचे महिने

आमचे पणजोबा माळकरी. 1947 पर्यंत त्यांनी एकही आषाढी चुकवली नाही. त्यानंतर ते पंढरपूरला कधीच गेले नाहीत. 'देव बाटला' म्हणायचे. हे सांगताना आजी आवाज खाली करायची, आणि मी घरात कुणाला त्याबद्दल विचारलं तर विषय बदलला जायचा.

देव 'बाटवला' तो साने गुरुजींनी. होय, तेच 'श्यामची आई'वाले. शाळेत आपल्याला ते रडके, हळवे म्हणून भेटतात. पंढरपूरचे गुरुजी फारसे कुणी सांगत नाही.

विठ्ठल मंदिर तेव्हा अस्पृश्यांना बंद होतं. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर. त्यांचे अभंग सगळे गात होते, त्यांच्या जातीची माणसं मात्र दारातूनच परत फिरत होती. गुरुजींनी 1946 च्या अखेरीस उपोषण ठरवलं. सहकाऱ्यांनी थांबवलं : आधी लोकांकडे जा. गुरुजींनी ऐकलं. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. पुढचे काही महिने ते राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासोबत महाराष्ट्रभर हिंडले. गावात सभा घ्यायची, गाणी म्हणायची, तिथलं देऊळ, तिथली विहीर खुली करा म्हणून विनवायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. कित्येक गावांनी ऐकलं. पंढरपूरच्या बडव्यांनी नाही.

1 मे 1947 ला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झालं. उपोषण सोडा, अशी गांधीजींची तार आली. ज्यांना गुरू मानलं, त्यांचंही गुरुजींनी ऐकलं नाही. दादासाहेब मावळणकरांनी मध्यस्थी केली आणि 10 मे रोजी उपोषण सुटलं.

आपण लक्षात ठेवतो ते हे दहा दिवस. आणि दहा दिवस प्राण पणाला लावणं म्हणजे समोरच्याची कोंडी करणंही असतं, हे मला मान्य आहे. पण आधीचे महिने तसे नव्हते. तिथे नकार देणाऱ्याला नकार देता येत होता.

दुसरी बाजूही आहे. नाशिकला काळाराम मंदिरासाठी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली 1930 पासून पाच वर्षं सत्याग्रह चालला. दार उघडलं नाही. 1935 मध्ये येवल्यात त्यांनी जाहीर केलं, हिंदू म्हणून मरणार नाही. म्हणजे पंढरपूरचं दार उघडलं तेव्हा ज्यांच्यासाठी ते उघडलं, त्यांच्यातल्या अनेकांनी त्या दाराकडे पाठ फिरवली होती. प्रेम उशिरा पोचलं. मला त्यांचा राग पटतो.

तरीही मी गुरुजींना बाजूला सारू शकत नाही. कारण ते बाबासाहेबांच्या लोकांना समजवायला निघालेच नव्हते. ते निघाले होते माझ्या पणजोबांना समजवायला. पणजोबांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. माळ गळ्यात राहिली, वारी गेली.

आजी मात्र ते वारल्यानंतरच्या आषाढीलाच गेली. दर्शन कसं झालं असं विचारलं की हसायची. "पायांवर डोकं टेकतेय तोच मागच्या बाईने ढकललं. कोण होती कुणास ठाऊक."